काटा

मुलाखतीत विचारलं, सुरुवात कुठून झाली.
माझ्याआधीच्या मुलाने सायबर कॅफे सांगितला,
तासाला वीस रुपये, आणि त्याने थांबवून ठेवलेलं घड्याळ.
एकीने भावाच्या मोबाइलचं कुलूप.
मी म्हटलं, बांगडे.
समोरचे तिघे हसले.

देवगड बंदरावर बाबुली सारंगाने
इलेक्ट्रॉनिक काटा आणला, मी दहावीला होते.
लाल आकडे, पत्र्याचं ताट,
मागे सील, सीलवर गणपतीचं स्टिकर,
कोणी बोट लावू नये म्हणून.
जुन्या तागडीला दांडी होती,
दांडी कलली की आयेला कळायचं.
आकडे कलत नाहीत.
डोक्यावर सोळा किलोची वाटणारी पाटी
ताटावर साडेचौदा भरायची.
"मान म्हातारी झाली गो माझी," ती म्हणायची.
बेचाळीस वर्षांची होती.

मी दुकानातून मिठाची पिशवी आणली, एक किलो, बांधीव.
काटा म्हणाला नऊशे दहा.
दोन पिशव्या: एक हजार आठशे वीस.
म्हणजे तो चुकत नव्हता.
किलोमागे नव्वद ग्रॅम, नेमाने,
कोणीतरी सांगून ठेवल्यासारखे.
यंत्राला कोणीतरी सांगून ठेवलंय,
हे पहिल्यांदा डोक्यात आलं तेव्हा
होडी लाटेवरून खाली उतरते तसं पोटात झालं.
अजून होतं. पगार त्याचाच मिळतो.

बाबुली जेवायला गेला की मी बटणं दाबत बसे.
एक बटण धरून ठेवलं तर आकडे जात, चार रेघा येत.
ट्रकचा नंबर टाकला. फोनचे शेवटचे चार आकडे.
त्याच्या मुलीचं जन्मवर्ष, ती माझ्याच वर्गात होती.
अकराव्या दुपारी चार शून्यं.
कारखान्यातून आली तशीच, कोणी बदललीच नव्हती.
(आज मोठमोठ्या कचेऱ्यांतही तीच निघतात.
मुलाखतीत हे बोलले नाही.)

मी काटा दुरुस्त केला नाही.
उलटा फिरवला.
तीन दिवस अख्ख्या बंदराचे मासे जड झाले.
पाट्या हसत गेल्या. चौथ्या दिवशी कोल्हापुरात
ट्रक उतरला, तर एकशे वीस किलो बांगडे
वाटेत आटले होते.

पास्कू फर्नांडिस, सोसायटीचा सेक्रेटरी,
संध्याकाळी आमच्या खळ्यात येऊन बसला.
पाणी प्यायला. टोपी गुडघ्यावर ठेवली.
"तुका ह्या कोणी शिकवल्यान?"
"कोणी नाय."
"बाबुलीन चोरी केल्यान. तू काय केलंस?"

घशात काटा अडकला की
सुक्या भाताचा गोळा गिळायचा असतो.
मी त्या रात्री दोन गिळले.

"उद्या ये," जाताना म्हणाला.
"परत कोणाक उघडूक येवचा नाय, असा कर."

आठवड्यात सात काटे पाहिले. पाच खोटे बोलत होते.
सोसायटीच्या वहीत लिहिलं: कुठला काटा,
किती ग्रॅम, कुठल्या बटणाने.
कोणी केलं ते लिहायचं नाही, पास्कू म्हणाला,
ता माका ठावक आसा.
नवे आकडे पाकिटात, पाकीट लाखेत, लाख त्याच्या कपाटात.
मेहनताना दोन सरंगे
आणि पाचशेची एक नोट, ओली.

सोमवारी आयेने पाटी ठेवली.
सोळा किलो शंभर.
तिने आकड्याकडे पाहिलंच नाही.
हात मागे नेऊन मान चाचपली,
आणि पुढच्या बाईला जागा दिली.

मधल्या बाईंनी चष्मा काढला. विचारलं,
"त्या तीन दिवसांसाठी परवानगी होती?"

नव्हती, म्हटलं.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.
लांबून वाचायची सवय आहे मला.
त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघितलं.