उमरखाडीची हद्द

यादी मी लिहिली. बोरूनं, बाळबोध,
पानाला चोवीस नावं.
पन्नास रुपये कर भरील तो मतदार,
असं साहेबांनी सांगितलेलं; म्हणजे
माणसं तशी फार निघाली नाहीत.
मी बारा रुपयांचा कारकून, यादीत बसत नव्हतो.
अक्षर बसलं.

दोन वॉर्डांची हद्द जिथून काढली
तिथं पूर्वी खाडी होती.
भराव पडला, रस्ता झाला, घरं उठली,
पण नकाशावरची लाल रेघ
त्याच ओल्या वळणानं गेली,
थेट धाकजी नाखव्याच्या घरातून.
ओटा एकीकडं, चूल दुसरीकडं.

दोन्हीकडचे उमेदवार येऊन गेले.
एकानं ओट्यावर नारळ ठेवला,
दुसऱ्यानं मागच्या दारी पेढे.
धाकजी तेव्हा मलबारात, साग भरायला.

निवडणुकीच्या दिवशी आली ती गोमाबाई, त्याची बायको.
पदराच्या गाठीत पावती.
शाळेच्या पडवीत टेबल, त्यावर वही,
वहीमागं मी, आणि माशा.
सकाळपासून एकोणीस जण,
त्यातले चार पाणी प्यायला आलेले.

"नाव त्यांचं आहे," मी म्हटलं, "त्यांनाच यावं लागेल."
"कर भरायला आले होते का ते?
तुम्हीच होता ना, शिरोडकर?
माझ्या हातचा एक रुपया
फरशीवर वाजवून बघितलात."

वाजवला होता.
खरा निघाला होता.

ती भांडली नाही. पायरीवर टेकली जराशी,
पावतीची घडी पुन्हा त्याच घडीवर घातली.
"अवसेला अजून भरतीचं पाणी चढतं
आमच्या न्हाणीत," म्हणाली,
"त्याला विचारा एकदा,
ते कुठल्या वॉर्डातलं."
आणि पेढ्यांची पुडी टेबलावर ठेवून गेली.
आम्ही खाल्ले. शिपायानं दोन जास्त.

कोण निवडून आलं ते संध्याकाळी
मीच लिहिलं साहेबांच्या वहीत. आता आठवत नाही.
एकशे सत्ताविसाव्या नावापुढचा रकाना
कोरा होता, तो आठवतो.

त्या रात्री अवस होती.
वाट वाकडी करून मी तिच्या दारावरून गेलो.
ओट्यावर दिवा, माणूस नाही.
आतून
तांब्यानं पाणी उपसल्याचा आवाज
बराच वेळ.