हिणकस

बुधवारी जुन्या बाजारात, एका ताडपत्रीवर
मला माझेच रिले दिसले.
एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये त्यांची टोकं पुसली होती,
काडीला शामॉय गुंडाळून.
बोटानं नाही. बोटाचं मीठ लागतं.

"तांब्याचा भाव द्या बाई," तो म्हणाला,
"तारेच्या गुंडाळ्या तर आहेत."
टोकांकडे त्याचं लक्ष नव्हतं.
मी गप्प राहिले,
दोघांचा फोन जोडून दिल्यावर राहायचे तशी.

रविवार पेठेत, भोरी आळीच्या मागे
आनंदा निकम गलाई करतात. मूळचे विट्याकडचे.
भुवया जळून पुन्हा आलेल्या,
एक दाट, एक विरळ.
म्हटलं, शिकवा.
"पेन्शन पुरंना का?"
पुरते.
"मग?"
याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

"बरं. पयलं वही घाला, ॲसिड मागनं.
पाण्यात ॲसिड. ॲसिडात पाणी न्हाई.
शंभरदा लिवा, शाळंतल्यावाणी.
आन् सोन्याच्या नादाला आत्ताच लागू नगा.
चांदी माणसाला चुकू देती."

अडतीसदा लिहिलं. मग हात भरून आला.

सहकारनगरची गच्ची, टाकीचा आडोसा,
वाऱ्याकडे पाठ. चष्मा, रबरी हातमोजे,
शेजारी सोड्याच्या पाण्याची बादली.
पकडीनं तोडलेली टोकं: चारशे बारा,
प्रत्येक तांदळाच्या कणीएवढं.
काचेच्या भांड्यातून विटकरी धूर उठला
आणि तळजाईच्या दिशेनं गेला.
आपटे वर आले. "काय चाललंय?"
"लोणचं."
"लोणच्याला एवढा चष्मा?"

मग फक्त हिरवट निळं पाणी.
चांदी कुठेच नाही.
हे निकमांनी सांगितलं नव्हतं,
की जे हवं ते आधी पार नाहीसं होतं
आणि आपण भांड्याकडे बघत बसतो,
कुणी चुकीचा नंबर लावून दिल्यासारखे.

तांब्याची जाड तार सोडली.
तासाभरात तिला राखाडी शेवाळ चढलं.
तांबं पाण्यात जातं, चांदी बाहेर येते.
आमची शिफ्ट अशीच बदलायची:
शैला उठायची, मी बसायचे,
खुर्ची अजून तिच्या अंगाची गरम,
दिव्यांची रांग लुकलुकत तशीच.

उरलेलं पाणी चमचाभर घेऊन मीठ टाकलं.
दूध फाटल्यासारखं काही झालं नाही.
म्हणजे सगळी आली.

गाळलं, धुतलं, वाळवलं.
मुशीत टाकणखार, वरून ज्योत.
बराच वेळ चिखल चिखलच राहिला.
माझा हात दुखायला लागला, खांदाही,
आणि मग चिखलाला एकदम डोळा फुटला.

अकरा ग्रॅम.
खर्च वहीत लिहिलाय. बेरीज केलेली नाही.

निकमांनी कानस मारली, एक थेंब सोडला,
दाट भुवई वर केली.
"हिणकस हाय. तांबं ऱ्हायलं. पुन्यांदा गाळा."
मला इतका आनंद झाला की लाज वाटली.
त्रेसष्टाव्या वर्षी
आता बसा, आराम करा, असं सगळे म्हणतात.
पुन्यांदा, असं कोण म्हणतं?

निघताना त्यांनी विचारलं,
"गाळणीचं कागद कुठं ठेवलंत?"
मी काही बोलले नाही.
"बाई, त्यातबी असती. फडक्यात असती, केरात असती.
आमी तर चपला झाडून जातो घरी."

कागद सकाळीच गेले होते,
ओल्या कचऱ्यात, चहाच्या चोथ्यासोबत,
घंटागाडी वाजली तेव्हा मीच धावत नेऊन दिले.

आता रात्री कधी जाग आली की वाटतं,
उरुळीच्या त्या डोंगरात कुठेतरी
अर्धा ग्रॅम, फार तर पाऊण,
माझ्या नावावर आहे.