तोलाईच्या पावतीवर

बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
झाकणाला चीर पाडली प्रज्योतने, गॅरेजातल्या छिन्नीने.
कडा बोचतात म्हणून तब्बसुमने चिकटपट्टी लावली.
वर आम्ही काहीच लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर कुणी जवळ फिरकलं नसतं.

कोपरखैरणे, माथाडींच्या बैठ्या घरांमागचं समाजमंदिर.
रविवारी चार ते सहा, भाडं नाही,
अट एकच: कॅरमवाले यायच्या आत सतरंज्या गुंडाळायच्या.
ते आधीच येतात. ओट्यावर बोर्ड मांडतात.
‘पाळी कुणाची?’ असं बाहेरून कुणी ओरडलं
की आत मुली तोंडात ओढणी कोंबतात.

दहावीत बाईंनी तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडला.
घरी वाचायला घेतला तेव्हा
आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

‘योनी’ हा शब्द मी मोठ्यानं पहिल्यांदा म्हणाले
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पुलावर उभी राहून,
खालून ट्रक जात असताना.
अकरा ट्रक गेले.
बाराव्याला आवाज कापला नाही.

डब्यातून निघतं:
पाळी चुकली म्हणजे तेच असतं का.
मला मुलगा आवडतो, मी पण मुलगाच आहे, हे जातं का.
गोळी मागितली तर मेडिकलवाला आईला सांगेल का.
एक चिठ्ठी कोरी, चार घड्या घातलेली.
तिच्यापाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

आम्ही डॉक्टर नाही. माहीत आहे ते सांगतो,
नाही त्यासाठी आरोग्य केंद्रातल्या नलावडे सिस्टरना फोन.
त्या आधी ओरडतात, मग सांगतात.

बुधवारी रात्री स्क्रीनवर बारा चौकोन.
माझं इंग्रजी म्हणजे भरलेली गोणी,
उचलायला गेलं की सुतळी सुटते.
किसुमूची अकिन्यी म्हणाली, आमच्याकडे डबा नाही, मडकं आहे.
त्यातली एक तिने वाचून दाखवली:
औषधवाला आईला सांगेल का?
मी हसले.
मग कुठल्याशा डोंगरातली येसेनिया म्हणाली, आमच्याकडेही.
मग कुणीच हसलं नाही.

आम्ही मिळून निवेदन लिहितोय, कुठल्या तरी मोठ्या सभेत वाचायला.
‘हक्क’ हा शब्द त्यात सात वेळा आलाय.
आईला तो एकाच कागदावर माहीत:
हक्कसोडपत्र.
मामांनी पेन दिलं, तिने सही केली,
येताना माहेरची चोळी आणली.

आणि गेल्या रविवारी ही.
कांदा-बटाटा मार्केटची तोलाईची पावती.
पुढे जांभळ्या कार्बनात वजन, गाडीचा नंबर खोडलेला.
मागे बॉलपेनने:
‘लग्न झाल्यावर पहिल्या रात्री ती रडत होती.
मला वाटलं सगळ्याच रडतात.
तेव्हा विचारायला हवं होतं का.’

असल्या पावत्या अर्ध्या गल्लीच्या खिशात असतात,
हे मी स्वतःला तीनदा सांगितलं.
पण तो ‘ळ’,
उजवीकडे झुकलेला, माप जास्त पडलेल्या काट्यासारखा,
माझ्या पहिलीच्या पाटीवर
हात धरून गिरवलेला.

आठवडाभर मी घरात कुणाच्या हाताकडे पाहिलं नाही.
बाबांनी मीठ मागितलं, मी ताटाकडे बघत दिलं.
आई कपड्यांच्या घड्या घालत होती.
तिच्याकडे मात्र पाहिलं. खूप वेळ.
‘काय गं?’ म्हणाली. ‘काही नाही’ म्हणाले मी,
हा आमच्या घरातला सर्वात जुना संवाद.

आज ती चिठ्ठी मी शेवटी ठेवली.
पावणेसहा. तब्बसुम दार लावायला उठली.
राहू दे, म्हटलं.
बाहेर स्ट्रायकर टकटकत होता.
मी वाचली. सगळी. पूर्णविरामासकट.
मग जरा मोठ्यानं, ट्रकवर चढवायचा तो आवाज लावून म्हणाले:
हो. तेव्हा विचारायला हवं होतं.
अजून विचारता येतं.

आत पंख्याची करकर.
बाहेर बोर्ड गप्प.
बऱ्याच वेळाने कुणीतरी म्हणालं,
‘अरे, पाळी कुणाची?’

लगेच कुणी बोललं नाही.