उघडा कंस

पहिल्या वर्षी आम्ही चौघं,
रीगातल्या एका बेकरीच्या माळ्यावर,
आणि खुर्च्या तीन.
आइनार्स खिडकीत बसला, लॅपटॉप मांडीवर,
पाठीमागे गोठलेली दौगावा.

आता साठ. जिन्यावरही बसतात.
काउनासहून रात्रीच्या बसनं आलेली पोरं,
एक बाई थेट तिबिलिसीची,
पिशवीत अक्रोड.

कुणाचीच मातृभाषा नाही ही.
हिच्यात आईला हाक मारता येत नाही,
भांडता मात्र येतं,
एका अर्धविरामावरून
रात्री दोनपर्यंत.

झिन्त्रा दारात माणसं मोजते,
शून्यापासून, सवयीनं,
म्हणून दर वर्षी
एक पाव कमी पडतो.
कुणीतरी आपला अर्धा मोडून देतं.

खिडकीत कुणी बसत नाही.
आइनार्सनं शेवटी उघडलेला कंस
आम्ही अजून मिटवलेला नाही.