त्रेचाळीस इंची

वहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखला होता मी,
उभ्या रेघा फुटपट्टीने, आडव्या हातानेच:
किंमत, चित्र, आवाज, वॉरंटी,
आणि ‘स्मार्ट म्हणजे नेमकं काय’ यासाठी एक रुंद रकाना,
जो रविवारपर्यंत कोराच राहिला.

घोडपदेवच्या खोलीत पलंगापासून भिंत सात फूट.
त्रेचाळीस इंच पुरे, असं ऑफिसातल्या तावड्यांनी
छातीठोकपणे सांगितलं.
त्यांच्याकडे पंचावन्न इंची आहे
आणि बघायला घरात कुणी नाही.

लालबागच्या दुकानात बाबांना टॅक्सीतून उतरवलं,
काठी उजवीकडे, मी डावीकडे.
एका रांगेत अकरा टीव्ही
आणि अकरांवर एकच डाळिंब संथपणे फुटत होतं:
एकात कुंकवासारखं, एकात बिटासारखं,
एकात चार दिवस फ्रिजबाहेर राहिल्यासारखं.

‘लाल सोडा मॅडम, काळा बघा,’ दुकानातला नौशाद म्हणाला,
‘काळा खरा तर टीव्ही खरा.’
कोरियन कंपनीचा काळा अमावास्येचा.
जपानीचा तव्याच्या बुडाचा.
तिसऱ्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं,
त्याचा काळा म्हणजे धुऊन धुऊन विटलेलं छत्रीचं कापड.
लिहून घेतलं. तिसऱ्यापुढे फुली मारली.

मग तो उजेडाचे आकडे सांगू लागला.
बाबा हसले. ओठांचा एकच कोपरा आता हसतो त्यांचा.
बत्तीस वर्षं माझगावच्या गोदीत वेल्डिंग केलेला माणूस,
काचेआडून रोज सूर्य शिवणारा,
त्याला हा पोरगा उजेड विकत होता.

‘रिमोटशी बोलता येतं काका. बोला काहीतरी.’

मी म्हटलं, नको.
बाबांनी रिमोट घेतला होता.
कोरियनसमोर धरून म्हणाले, ‘जा...ज’,
आणि अमावास्येतून एक माणूस निघाला
सॅक्सोफोन वाजवत.
जपानीने अर्ध्यावरच अदबीने तोडलं:
समजलं नाही, पुन्हा सांगा.
बाबांनी पुन्हा सांगितलं.
पुन्हा सांगा.

मला राहवलं नाही. ‘जहाज,’ मी म्हणाले, ‘जहाज म्हणायचंय त्यांना,’
आणि पडदा लगेच निळा झाला, आज्ञाधारक,
समुद्र, भोंगा, सगळं.
बाबांनी मान फिरवून डाळिंबाकडे पाहिलं.

‘मॅडम, तुम्ही नका ना बोलू,’ नौशाद म्हणाला.
गल्ल्यावरच्या शेठने वर पाहिलं.
पोरगा लालबुंद झाला, पण त्याने रिमोट काढून घेतला नाही,
तिसऱ्याचा आणून हातात दिला.

‘ज,’ बाबा म्हणाले.
पडद्याच्या खाली लाल ठिपका लुकलुकत राहिला.
‘हा,’ म्हणाले, आणि थांबले,
जीभ शोधत होती पुढचं अक्षर,
अंधारात खिळा शोधावा तशी.
ठिपका लुकलुकत होता.
माझ्या तोंडात शब्द तयार होता, अख्खा,
तो मी गिळला. मग जे आलं ते
‘ज’ होतं की ‘झ’, की नुसता श्वास,
त्या विटक्या अंधारात एक बोट सुटली पाण्यावर,
लहानशी, मासेमारीची,
बाबांच्या हिशेबाने तर पडावच.
पण तरंगत होती.

अठरा हजार नऊशे नव्व्याण्णव.
बाबांना मी सोळा सांगितले.
फुलीवर फुली मारता येत नाही,
म्हणून समासात नवा रकाना काढला: ‘थांबतो का?’
कोरियन, नाही. जपानी, नाही.
माझं नाव लिहायला जागा उरली नव्हती, असं म्हणू.

आता भिंतीवर आहे तो.
डाव्या वरच्या कोपऱ्यात चित्र जरा फिकट पडतं,
बातम्या देणारीचा चेहरा काविळीचा दिसतो,
अपडेट मागतो रोज, भाडेकरू नळ मागतो तसा.
तावडे येऊन म्हणाले, फसलात.
असेल.

रात्रीचे साडेआठ. बाबांनी बटण दाबलंय.
‘भ,’ म्हणाले.
भजन असेल, भारत-श्रीलंका असेल, भूक असेल.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,
चौथी झाली.
मी उठलेले नाही.