कुत्रा बसेपर्यंत

ताकुआरेंबोच्या उत्तरेला, डांबर संपतं तिथून पुढे,
तारेच्या कुंपणांवर लोकरीचे पुंजके अडकलेले असतात.
तिथे माझी शाळा. सात मुलं, एक घंटा
आणि सरकारने पाठवलेले सात छोटे संगणक.
एकाचं झाकण मी चिकटपट्टीने बांधलंय.

एकतीस वर्षं मी हातचा राखून शिकवलं.
म्हणजे मुलं पाचव्या धड्यावर, तर मी सहाव्या.
नद्या, भागाकार, अनियमित क्रियापदं,
सगळं मला आधी येत होतं.

आता रात्री स्वयंपाकघरात माते निवत जातो
आणि मी ओळीवर बोट ठेवून वाचते:
जोपर्यंत. तर. नाहीतर.
ही कसली नवी भाषा? ही तर माझी आई बोलायची.
जोपर्यंत ताट रिकामं होत नाही, तोपर्यंत उठायचं नाही.
उठलात, तर बघा.

प्रशिक्षणात एक पोरगेला माणूस म्हणाला होता,
बाई, पडद्यावर मांजर चालवून दाखवा, मुलांना गंमत वाटते.
दाखवलं. यामांदूला वाटली नाही.
त्याने विचारलं, हे मेंढ्या मोजेल?
मोजेल की, मी म्हटलं. छातीठोक. पत्ता काही नव्हता.

त्याने लिहिलं: एक मेंढी आत. एक मिळव. पुन्हा.
आणि यंत्र जे सुटलं,
चारशे, नऊशे, बारा हजार,
अख्ख्या देशात नसतील इतक्या मेंढ्या
त्या बोटभर फाटकातून आत शिरू लागल्या.
झुल्मा हसून हसून बाकाखाली गेली.
बाई, थांबवा ना!

काल रात्री मी त्या पानाच्या अलीकडेच झोपले होते.
हातचा संपला होता.
मला येत नाही, मी म्हटलं.

बाहेरच्या पवनपंपाची करकर आत ऐकू आली.
बाई असं म्हणू शकतात
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

मग विचारलं, तुझे वडील कसे मोजतात रे?
शंभराला एक खडा खिशात.
ते मोजणं झालं. थांबतात कसे?
त्याने पेन्सिल चावली. बराच वेळ चावली.
कापिंचो बसतो, तो म्हणाला. आमचा कुत्रा.
शेवटची मेंढी आत गेली की फाटकातच बसतो.
मग बाबा फाटक ओढतात.

मी फळ्यावर लिहिलं: कुत्रा बसेपर्यंत.

यंत्राला कुत्रा कसा सांगायचा, यात पुढचा आठवडा गेला.
झुल्मा म्हणाली, उभा म्हणजे शून्य, बसला म्हणजे एक.
एल्बियो, जो वर्षभर बोलला नव्हता,
भिंतीकडे बघत म्हणाला,
आणि उन्हाने दमून बसला तर?

मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

निरीक्षकांच्या पत्रकात एक रकाना असतो:
उद्दिष्ट साध्य झाले काय?
मी लिहिलं,
कुत्रा अजून उभा आहे.