चाळीस इंच

चौतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी छापील कागदावरच्या चुका शोधल्या.
भिंग डोळ्याला; रेघ तुटली की ताव बाजूला.
हातून किती कोटी गेले ते विचारू नका.
आज खिशात पस्तीस हजार आहेत
आणि कुमुदने दोनदा विचारून झालंय,
"फोनमध्ये आहे ना कॅमेरा?"

आहे.
फोनमधला रंगनाथ तळहाताएवढा झकास दिसतो.
मोठा करत नेला की दाढी
ओल्या टीपकागदावरच्या शाईसारखी पसरते,
घंगाळावरचे ठोके एकमेकांत विरघळतात.
आणि ठोकेच तर हवेत मला,
तांब्यावर एकाशेजारी एक,
न मोजता मोजून मारलेले.

कॅनडा कॉर्नरच्या दुकानात हेरंब नावाचा पोरगा.
त्याने आधी दीड लाखाचा काढला,
बाळंतिणीच्या हातात मूल द्यावं तसा दिला.
"काका, पंचेचाळीस मेगापिक्सेल."
मी म्हटलं, कोपऱ्यात कसा आहे?
"कोपऱ्यात म्हणजे?"
मी तो हळूच परत ठेवला. जड होता,
आणि माझा नव्हता.

मग विजेच्या बिलामागे हिशेब.
चोवीसवाला जुना: आडवे ठिपके सहा हजार.
इंचाला तीनशे धरले तर वीस इंच.
दीडशे धरले तर चाळीस.
दीडशेत भागेल का?
हेरंब म्हणाला, "चाळीस इंची फोटो
कोण नाक लावून बघतं, काका?
लोक चार पावलं मागे सरतात."
पटलं. म्हणजे,
पस्तीस हजारांत जेवढं पटायला हवं तेवढं.

जुन्यांच्या कपाटात एक निघाला.
सिन्नरच्या लग्नवाल्याने विकलेला, सव्वीस हजार,
पट्ट्यावर कुठल्यातरी मांडवातली हळद,
एक्केचाळीस हजार वेळा उघडझाप झालेली.
इतक्या वेळा तर मीही
कुणाकडे नीट पाहिलं नसेल.

खिशातून कालचा पेपर काढला,
बाजारभावाचं पान दुकानाच्या भिंतीला चिकटवलं.
झूमच्या भिंगाने लासलगाव वाचलं,
पिंपळगावचा कांदा मात्र कोपऱ्यात पुसट.
साध्या, न हलणाऱ्या पन्नासच्या भिंगाने
येवल्यापर्यंत सगळे भाव स्वच्छ दिले.
हेरंब हसला. पेपर परत घडी करताना
म्हणाला, "काका, तुम्ही कुठे होतात कामाला?"

भिंगाचे चार हजार धरून तीस झाले.
उरल्या पाचांत तिवई घेतली,
कारण हात आता थरथरतो
आणि ते कुठल्याच आकड्यात लिहिलेलं नसतं.

तांबट लेनमध्ये तीन सकाळी गेल्या.
पहिल्या दिवशी रंगनाथ फोटोसारखा बसला.
दुसऱ्या दिवशीही.
तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ओरडत आलं,
तेव्हा कुठे त्याने हातोडी उचलली
आणि मला विसरला.

प्रिंट आली गुंडाळी होऊन, रिक्षाच्या बाहेर डोकावत.
त्याच्याच दुकानात दोन खिळ्यांवर ताणली.
मी चार पावलं मागे सरलो.
पाचवं गटारात पडलं असतं.
दाढी केसन् केस. घंगाळ तापल्यासारखं लाल.
म्हटलं, जमलं.

रंगनाथने हात पुसले,
चष्मा कपाळावर सरकवला,
आणि सरळ नाक लावलं कागदाला.
बराच वेळ. मग बोट टेकवून,
"हा एक ठोका हुकलाय रे."
घंगाळ तर कधीच ओझरला कुणाच्या घरी गेलेलं.
"आठ दिवस डोळ्यांसमोर होतं, दिसलं नाही."
पुन्हा वाकला. "का ठिपकाच फुटलाय तुझा?"

ते मलाही सांगता येईना.
खिशातलं भिंग काढून त्याला दिलं,
मग त्याच्याकडून घेतलं.
चाळीस इंचांपैकी एका इंचाशी
दोन म्हातारी डोकी,
बाहेर कुणीतरी बंब कल्हईला घेऊन
हाका मारत उभं.